आधी ६० क्रेडिट, मग पुढचं

नोकरी आणि दोन लहान मुलं सांभाळून मेडिकल लीडरशिपचं पार्ट-टाइम एमएससी झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर आहे. मी हा अभ्यास सुरू केला तेव्हा लेक चार वर्षांची होती. झेपतं, पण एकदम पूर्ण डिग्रीला हात घालू नका. इथलं एमएससी १८० क्रेडिटचं असतं. बहुतेक ठिकाणी ६० वर सर्टिफिकेट, १२० वर डिप्लोमा घेऊन थांबता येतं. एका क्रेडिटला १० तास धरतात, म्हणजे ६० ला ६०० तास! वर्षभर आठवड्याला साडेअकरा. हा हिशोब आधी घरी कागदावर मांडा. मी 'बघू, जमेल' म्हटलं होतं. आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

लेक झोपल्यावर वाचायचा बेत पंधरवड्यात बारगळला, कारण तिच्याआधी मीच घोरायचे. पहाटे पाच ते साडेसहा मात्र टिकलं. स्टडी लीव्ह (कन्सल्टंटना तीन वर्षांत ३० दिवस) कॉन्फरन्समध्ये न उडवता सबमिशनच्या आठवड्यांसाठी राखली.

खरी मदत झाली ती विषय आपल्याच कामातला घेतल्याची. माझ्या क्लिनिकची अपॉइंटमेंट चुकवणाऱ्या पेशंटांवरच प्रोजेक्ट केला. ते काम तसंही गळ्यात होतंच, शिवाय अप्रेझलमध्येही (डॉक्टरांच्या कामाचा दरवर्षीचा आढावा) दाखवता आलं. थिअरीचं म्हणाल तर निम्मी आपल्या वॉर्डच्या सिस्टरना आधीच पाठ असते.

आणि ऑन-कॉलच्या आठवड्यात सबमिशन येत असेल तर मुदतवाढ महिनाभर आधी मागा, आदल्या रात्री नको.