बफरमधून एक बाइट शोधायचाय, स्ट्रसीएचआर अर्ध्यातच सोडून देतंय

काटेवाला_अंबड:
नमस्कार मंडळी, दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी प्लॅटफॉर्म काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून वाचून फाइलीत टाकायचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय, सी मध्ये, लिनक्सवर. काटा पाच बाइटचं पॅकेट पाठवतो. पहिला १७० (हेक्स एए), मग वजनाचे दोन बाइट, मोठा आधी, मग त्या दोघांची बेरीज चेकसम म्हणून, आणि शेवटी ८५ (हेक्स ५५). मी रीड ने बफर (आलेले बाइट ठेवायची जागा) भरतो आणि स्ट्रसीएचआर, म्हणजे स्ट्रिंगमध्ये एक कॅरेक्टर शोधणारं सी चं फंक्शन, त्याने शेवटचा ८५ शोधतो. भरलेलं पॅलेट असलं, सहाशे किलोच्या आसपास, तर एकदम बरोबर. पण अर्धवट पॅलेट ठेवलं, दीडशे-दोनशे किलो, की नल, म्हणजे सापडलंच नाही. मध्येच एकदा ५१२ ला पण गायब झालं!! केबल बदलून झाली, बॉड रेट (पोर्टचा वेग) बघून झाला, काट्याचा माणूस म्हणतो मशीन ओके आहे. सीझन चालू आहे, तिकडे पोरं वहीत वजनं लिहितायत आणि मला फोन करतायत.

पॉइंटरवाला:
काट्याच्या माणसाचं बरोबर आहे भाऊ. स्ट्रसीएचआर ला स्ट्रिंग लागते आणि सी मधली स्ट्रिंग शून्य बाइट आला की संपली. २०० किलोचं पॅकेट लिहून बघ: १७०, ०, २००, २००, ८५. दुसऱ्याच बाइटला शून्य, तिथेच ते परत फिरतं, ८५ पर्यंत जातच नाही. २५६ च्या खालच्या प्रत्येक वजनाला हेच होणार. आणि ५१२ म्हणजे २ आणि ०, म्हणून तेही गेलं. याची उलटी बाजू जास्त वाईट आहे, बफरमध्ये शून्यही नाही आणि ८५ पण नाही असं झालं तर ते बफर ओलांडून पुढची मेमरी वाचत सुटेल, अनडिफाइन्ड बिहेवियर, कधी चालेल कधी क्रॅश.

मेमसीएचआर वापर, ते स्ट्रिंग न मानता मेमरीत बाइट शोधतं. त्याच स्ट्रिंग डॉट एच मध्ये आहे. कुठून शोधायचं, कुठला बाइट आणि किती बाइटपर्यंत, अशी तीन आर्ग्युमेंट. शून्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सापडला तर पहिल्या जागेचा पॉइंटर, नाहीतर नल. इंडेक्स हवा तर मिळालेल्या पॉइंटरमधून बफरची सुरुवात वजा कर, पण तो व्हॉइड पॉइंटर असतो, आधी अनसाइन्ड कॅर पॉइंटरमध्ये घे.

तिसऱ्या आर्ग्युमेंटला साइझऑफ, म्हणजे बफरचा पूर्ण आकार, देऊ नको, रीड ने जेवढे बाइट दिले तेवढाच आकडा दे, नाहीतर मागच्या पॅकेटचा कचरा सापडेल. आणि चूक झाली की रीड उणे एक देतं, ते आधी तपास. त्या तिसऱ्या आर्ग्युमेंटचा टाइप साइझ_टी, तो अनसाइन्ड (उणे आकडे नसलेला) असतो, त्यात उणे एक गेला की अवाढव्य आकडा होतो.

कॉलेजरोड_कोडर:
पाच बाइटसाठी एवढं कशाला, साधा फॉर लूप लावा ना, बफरचा आयवा बाइट बरोबर १७० असेल तर ब्रेक, संपला विषय

सातपूर_फर्मवेअर:
@कॉलेजरोड_कोडर बफर कुठल्या टाइपचा घेतलाय ते बघ आधी. नुसता कॅर असेल तर इंटेल-एएमडीच्या लॅपटॉपवर जीसीसी कंपाइलर तो साइन्ड (उणे आकडेही असलेला) धरतो, म्हणजे १७० वाचताना उणे ८६ होतो आणि तुझी कंडिशन कधीच खरी होत नाही. हाच कोड रास्पबेरी पायवर टाकला की चालतो, कारण एआरएम लिनक्सवर कॅर बाय डिफॉल्ट अनसाइन्ड. मग बस दोन दिवस डोकं खाजवत. मेमसीएचआर दोन्ही बाजू अनसाइन्ड कॅर धरूनच तुलना करतं, तिथे हा घोळ नाही. लूपच लावायचा तर बफर यूइंट८_टी (० ते २५५ चा अनसाइन्ड बाइट) चा घे.

आणि मोठा बफर असेल तर ग्लिबसीचं (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) मेमसीएचआर एका दमात कितीतरी बाइट तपासतं, हाताने लिहिलेला लूप सहसा मागेच पडतो. अर्थात काट्याला त्याने काही फरक पडत नाही.

निफाडकर:
सगळं बरोबर पण शेवटचा बाइट शोधायचाच कशाला? बरोबर ८५ किलोचं पॅलेट ठेव काट्यावर. १७०, ०, ८५, ८५, ८५. मेमसीएचआर तुला इंडेक्स २ देणार, त्याचं चुकलं नाही, त्याला पहिला ८५ सांगितलाय त्याने पहिला दिला. ३४१ किलोला पण तेच, १ आणि ८५.

पॅकेट पाच बाइटचं ठरलेलं आहे ना, मग मेमसीएचआर ने १७० शोध, तिथून पाच बाइट आलेत का बघ, चौथा वजनाच्या दोन बाइटच्या बेरजेशी आणि पाचवा ८५ शी जुळव. नाही जुळलं तर तो १७० वजनातला होता असं समजून एक बाइट पुढे सरक आणि उरलेल्या लांबीत परत शोध, लांबी तेवढीच कमी करायला विसरू नको. पाच पूर्ण नसतील तर उरलेले बफरच्या सुरुवातीला मेममूव्ह ने आण आणि पुढचा रीड त्यांच्या मागे जोड, सिरियलवर पॅकेट तुकड्यांत येतंच.

काटेवाला_अंबड:
चाललं!! २००, ५१२, ८५ तिन्ही ठेवून बघितले, आले. एकच, मला फक्त सगळ्यात ताजं वजन हवंय, मागून शोधणारं काही आहे का?

पॉइंटरवाला:
मेमआरसीएचआर आहे, पण ते सी स्टँडर्डमध्ये नाही, ग्नूचं एक्स्टेंशन आहे, फाइलीच्या वरच अंडरस्कोर ग्नू सोर्स डिफाइन करावं लागतं. पॅकहाऊसवाल्यांचा पीसी विंडोजचा असेल आणि उद्या व्हिज्युअल स्टुडिओत कंपाइल करायची वेळ आली तर ते नाही मिळणार. त्यापेक्षा पुढूनच सगळी पॅकेट वाच आणि शेवटचं जुळलेलं ठेव.