फुटभर उंचीपर्यंतचा फिशटँक घरीच बनवावा, विकत घेऊ नये

पंचवटीकर (धागाकर्ता)

माझं मत सरळ आहे. टँकची उंची एक फुटाच्या आत असेल तर तो घरी बनवावा. त्याहून उंच हवा असेल तर मुकाट्याने दुकानाची पायरी चढावी.

बहुतेकांना वाटतं की टँकमध्ये किती लिटर पाणी बसतं यावर काचेची जाडी ठरते. पण दाब ठरतो पाण्याच्या खोलीवर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ भरला तर समोरच्या काचेवर सुमारे २८ किलोचा रेटा येतो. हाच टँक दीड फूट उंच केला तर रेटा जातो ६३-६४ किलोवर. म्हणजे उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट. उलट उंची तेवढीच ठेवून रुंदी दीड फूट केलीत तर पाणी दीडपट मावतं आणि समोरच्या काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. दुकानात मात्र शोभेसाठी उंच, अरुंद टँक पुढे मांडलेले असतात. माशाला पोहायला आडवी जागा लागते हो, लिफ्ट नाही.

२४ × १२ × १२ इंचाला लागते फक्त आठ चौरस फूट काच. साधी ५ एमएमची फ्लोट, म्हणजे खिडकीला लावतात तसली सपाट काच, कडा घासून घेतलेली. कुठलाही काचवाला समोर उभं राहून हिऱ्याने कापून देतो. माप इंचात सांगू नका, एमएममध्ये कागदावर लिहून द्या: तळ ६१० × ३०५, पुढची आणि मागची काच ६१० × ३०५, बाजूच्या दोन २९३ × ३०५. बाजूच्या काचा लहान का, तर त्या पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसतात. ३०५ मधून दोन काचांची जाडी १० एमएम गेली आणि काचा चिकटवणाऱ्या सिलिकॉनसाठी दोन्हीकडे एकेक एमएम सोडला. हा एक एमएम सोडला नाही तर काच काचेला टेकते, सिलिकॉन दाबून बाहेर येतं आणि सांध्यात काही उरतच नाही. स्वस्त तयार टँकमध्ये बरेचदा हेच केलेलं असतं, शिवाय काच ४ एमएम. म्हणून म्हणतो, स्वतः बनवा.

सातपूरचा फिटर

गणित बरोबर, निष्कर्ष साफ चूक. समोरची काच दाबाने फुटल्याचं मी तरी फार बघितलेलं नाही. टँक दगा देतो तो सांध्यातून, नाहीतर तळाला. तळ का जातो? खालचं टेबल सपाट नसतं म्हणून. ५४ लिटर पाणी, सव्वानऊ किलो काच, वर वाळू-दगड. सत्तरीच्या पुढे वजन जातं आणि ते सगळं एखाद्या उंचवट्यावर तोललं जातं. पाणसळ लावून बघत नाही कोणी. खाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल टाकायचाही कंटाळा.

आणि सिलिकॉन ओढायला हात बसावा लागतो. टँक बनवणारा कारीगर सिलिकॉनची गन एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो, मध्ये थांबत नाही. तुम्ही थांबलात की तिथे हवेचा फुगा राहतो आणि पाणी बरोबर तीच जागा शोधतं. मग लोक गळतीवर बाहेरून नवं सिलिकॉन थापतात. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं धड चिकटत नाही. आतलं सगळं ब्लेडने खरवडून पुन्हा करावं लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हा उद्योग केला तर आधी खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध कसे आहेत ते बघावं.

पंचवटीकर

हात बसावा लागतो हे कारीगराला, कारण त्याला दिवसभरात ढीगभर टँक काढायचे असतात. मला एकच करायचाय. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंच सोडून मास्किंग टेप लावा, मधल्या पट्टीत सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढा. कडा सुरीने कापल्यासारखी येते. फक्त साबणाचं पाणी पुढच्या कोऱ्या सांध्यावर सांडू द्यायचं नाही, तिथे मग चिकटणार नाही. काटकोनासाठी सुताराकडचा गुण्या, फटीसाठी टूथपिकचे तुकडे. यात कसली साधना?

टेबलाचं म्हणाल तर दुकानातून आणलेला टँकही त्याच वाकड्या टेबलावर बसणार आहे. तो मुद्दा माझ्याविरुद्ध कसा?

थेंबेथेंबे

तुम्ही दोघं अजून काचेतच अडकलात. अ‍ॅक्रिलिक घ्या, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक असतं ते, आणि मोकळे व्हा. त्याच मापाचा, त्याच जाडीचा टँक साडेचार किलोच्या आत बसतो, काचेच्या निम्म्याहून कमी. काचेला हिरवी झाक असते, याला नाही. घरात लहान पोरं असली आणि चेंडू लागला तरी ठिकऱ्या उडत नाहीत. नाशिकला अंबडमध्ये, सिडकोत साइनबोर्डवाले पाहिजे त्या मापात लेझरवर कापून देतात, कडा आरशासारखी. सांध्यात पातळ सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारं द्रव, सोडलं की दोन तुकडे एकजीव. गन नको, टेप नको, गुण्या नको.

सातपूरचा फिटर

@थेंबेथेंबे, आता माझ्या धंद्यात आलात.

लेझरने कापलेली कडा दिसते छान, पण उष्णतेने तिच्यात ताण राहतो. त्या कडेला सॉल्व्हंट लागलं की आत बारीक बारीक चिरा पसरतात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. नावाच्या पाटीला ते चालतं, पाणी धरणाऱ्या सांध्याला नाही. करायचंच तर राउटरने (फिरत्या पात्याचं कापायचं यंत्र) किंवा बारीक दाताच्या करवतीने कापून कडा सपाट करून घ्या. शीट कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, मागा. एक्सट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, स्वस्त पडतं, पण चिरा धरायला तेच पुढे. सांधायचं द्रव क्लोरोफॉर्म किंवा मेथिलीन क्लोराइड असतं. बंद खोलीत त्याची वाफ घेऊ नका, गच्चीत करा. अ‍ॅक्रिलिक पुसायला अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट घेतलंत तर तेही गेलं. आणि "सॉल्व्हंट नको, सिलिकॉनच लावतो" म्हणणाऱ्यांसाठी: सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. काही महिन्यांनी पट्टी अख्खी सोलून हातात येते.

दोन फूट लांबीला ५ एमएम अ‍ॅक्रिलिक मधोमध फुगतंही. वरच्या कडेला आडवी पट्टी मारावीच लागेल.

थेंबेथेंबे

कास्ट-एक्सट्रुडेडचं मान्य. पण चरे पडले तर अ‍ॅक्रिलिक घासून पुन्हा चकचकीत करता येतं, काचेचा चरा जन्मभर बघत बसा. एक फुटाच्या आतल्या टँकला मी अजूनही अ‍ॅक्रिलिकच म्हणेन. पट्टी मारायला किती वेळ लागतो?

बोलघेवडा

चरा पडायला शेवाळ घासताना मध्ये आलेला वाळूचा एक खडा पुरतो. दर रविवारी पॉलिश करत बसणार का? चालू द्या. मिसळ घेऊन येतो.

मृण्मयी_ना

डब्यावर एवढी चर्चा, माशावर एक ओळ नाही.

घरी टँक बनवणाऱ्यांचा मला एक अनुभव आहे. काच कमी लागते म्हणून माप हळूहळू लहान होत जातं. दोन फुटाचा दीड होतो, दीडाचा "टेबलावर बसेल एवढा" होतो आणि शेवटी आठ-दहा लिटरच्या खोक्यात दोन गोल्डफिश येतात. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाण भरपूर करतो. त्याला धागाकर्त्याचा दोन फुटीसुद्धा पुरत नाही. लहान टँक नवशिक्याला सोपा, हा गैरसमज आधी काढा. पाणी कमी असलं की सगळं झपाट्याने बिघडतं. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली जातो. मोठा टँक हळूहळू गार होतो, लहान टँक एका रात्रीत. ५० लिटरला ५० वॉटचा हीटर लावला तर गप्पी-मॉलीसारखे लहान मासे सुखात राहतात. तो खर्च तुमच्या आठ चौरस फुटांच्या हिशोबात कुठेय?

आणि टँक तयार झाला म्हणजे पाणी तयार झालं असं नाही. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला महिनाभर तरी जातो. नळाचं पाणी निदान रात्रभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन जाऊ द्यावा लागतो. घरी बनवणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी मासे सोडून फोटो टाकायचा असतो. म्हणून माझा विरोध. दुकानातला टँक चांगला असतो असं मी म्हणत नाही, पण तो विकत घेताना सगळं लक्ष टँकवर खर्च होत नाही.

पंचवटीकर

मृण्मयीताई, हीटर दुकानातल्या टँकलाही लागतो, तो माझ्या हिशोबात का धरता? लहान मापाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं, म्हणूनच मी दोन फुटाचं उदाहरण घेतलं.

घाईचं म्हणाल तर घरी बनवणाऱ्याला घाई करताच येत नाही. साधं अ‍ॅसिटिक सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते, हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. ते "वाळत" नाही. लोक टँक उन्हात नाहीतर पंख्याखाली ठेवतात, त्याने काही होत नाही. एप्रिलमधल्या आपल्या कोरड्या हवेत उलट वेळ जास्त लागतो, पावसाळ्यात लवकर होतं. दिवसाला दोन-तीन एमएम आत शिरतं असं धरून आठवडाभर हात लावायचा नाही. वास पूर्ण गेला की खाली "गावकरी" पेपरचं पान पसरून पाणी भरायचं. थेंब कुठून येतो ते कागदावर लगेच दिसतं.

आणि नळीवर "अँटी-फंगल" लिहिलेलं असेल तर ते बाथरूमसाठी असतं. त्यातलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं. हे टँक विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. बनवणारा निदान नळी वाचतो तरी.

सातपूरचा फिटर

वाचतो म्हणता! निम्मे लोक "पांढरं द्या" म्हणून येतात.

माझं म्हणणं एवढंच: माप तुमचं, काच ५ एमएम तुम्ही सांगा, हात कारीगराचा. टँक बनवणाऱ्याला मापाने ऑर्डर द्या. तयार माल उचलायचा नाही आणि स्वतः गनही धरायची नाही. घेताना काचेच्या कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून जाडी बघा, सांध्यात प्रकाश धरून फुगे बघा. एक फूट असो की दीड. धागाकर्ते हट्टाला पेटलेत, बाकी काही नाही.

पंचवटीकर

हट्टच आहे. मापाने बनवून घेतलेल्या टँकला माझी हरकत नाही, पण तुमच्यासारखा कारीगर प्रत्येकाला मिळत नाही. मिळेल तो "पाच एमएम म्हणजे पाचच ना?" विचारल्यावर हसतो.

बोलघेवडा

मिसळ संपली. माझ्याकडे जुन्या टीपॉयची जाड काच पडून आहे, दहा एमएम तरी असेल. ती कापून बनवू का? फुकटात होईल.

सातपूरचा फिटर

टीपॉयची काच बहुतेक टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, असते. तिला हिरा लावलात की अख्खी काच चुरा होऊन अंगावर येईल. टफन काच कापताही येत नाही, भोकही पाडता येत नाही. जे करायचं ते भट्टीत जाण्याआधी. कोपऱ्यात शिक्का आहे का बघा. नसेल तर लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लावून तिच्यासमोर काच धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून, मान थोडी तिरकी करून पलीकडून बघा. डाग-पट्ट्या दिसल्या तर टफन, तिला हात लावू नका. काही दिसलं नाही तर दुकानावर घेऊन या, कडा बघून सांगतो. शनिवारी येऊ नका, दुकान बंद असतं.