मदत हवी आहे: रेसकारचा सेटअप पैसे देऊन करून घ्यावा काय?

नमस्कार मंडळी, बेळगावातनं लिहितोय. मी आणि धाकट्या भावानं जुनी मारुती एस्टीम रेस ट्रॅकसाठी तयार केलीय, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) इथल्या उद्यमबागेत वेल्ड करून घेतला, ते काम एक नंबर झालंय, पण वळणात स्टिअरिंग कितीबी पिळलं तरी गाडी सरळच जायला बघते. इथल्या अलाइनमेंटवाल्याला निगेटिव्ह कॅम्बर (म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवून) दे म्हटलं की तो म्हणतो टायर आतनं खाईल वो, आणि कंपनीच्या आकड्यावर आणून सोडतो (रोडच्या गाडीला ते बरोबरच हाय म्हणा).

आता कोइंबतूरचा एक सेटअपवाला यायला तयार हाय, दिवसाची फी आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा. कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन), कॅम्बर, टो (चाकांची पुढची बाजू आत-बाहेर किती वळलीय ते) सगळं करतो म्हणतोय. पण आमच्या स्प्रिंगची उंची ॲडजस्टच होत नाही, मग चार वजनकाट्यांवर गाडी चढवून क्रॉस वेट (तिरक्या समोरच्या दोन चाकांवरचं मिळून वजन) एकूण वजनाच्या ५० टक्क्यांवर आणणार कसं? आधी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बर) घालू काय? का त्याला गॅरेजऐवजी थेट कोइंबतूरच्याच कारी स्पीडवे रेस ट्रॅकवर एक दिवस घेऊ, म्हणजे टायरचं आतलं, मधलं, बाहेरचं टेंपरेचर बघून तिथंच बदल करता येतील? मला तरी हेच पटतंय, पण ट्रॅकची फी धरली तर बजेट बोंबलतंय. कुणी असं काम करून घेतलंय काय? फी कशी ठरवली, आणि सगळे आकडे कागदावर लिहून देतात काय, तेवढं सांगा की.