अंगठ्यांचा हिशेब जिम ब्राऊनला कसा लावणार?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये सर्वश्रेष्ठ कोण, या वादात म्हणतात की सुपर बोल (तिथला अंतिम सामना) जिंकल्याच्या अंगठ्या मोजल्या की टॉम ब्रेडी ७ घेऊन पहिला, वाद मिटला. ते क्वार्टरबॅकपुरतं (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ठीक आहे. पण पहिला सुपर बोल झाला जानेवारी १९६७ मध्ये आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) जिम ब्राऊन १९६५ च्या हंगामानंतर थांबला. त्याचं १९६४ चं विजेतेपद या मोजणीत येतच नाही. चेंडू घेऊन धावत कापलेल्या एकूण यार्डांवर जायचं तरी घोळ आहेच. रनिंग बॅक एमिट स्मिथचे १८,३५५ यार्ड २२६ सामन्यांतले, ब्राऊनचे १२,३१२ फक्त ११८ सामन्यांतले. म्हणजे सामन्यामागे ८१ विरुद्ध १०४! शिवाय हंगाम १९६० पर्यंत १२ सामन्यांचा होता, मग १४, १९७८ पासून १६ आणि आता १७.

पासिंगचे (चेंडू फेकून मिळवलेल्या यार्डांचे) आकडे तर १९७८ च्या आधीचे आणि नंतरचे एका रांगेत लावूच नयेत. त्या वर्षीपासून ५ यार्डांपलीकडे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला धक्का देणं बंद झालं आणि ब्लॉक करताना क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पसरायची मुभा मिळाली. बचावपटूंचे हाल आणखी वेगळे: सॅकची (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडण्याची) अधिकृत नोंदच १९८२ पासूनची, त्यामुळे त्याआधी खेळलेल्या डीकन जोन्सच्या नावावर अधिकृत सॅक शून्य. लॉरेन्स टेलरचाही १९८१ चा पहिला हंगाम त्याच्या १३२.५ सॅकमध्ये धरलेला नाही.