एवढ्याशा फॉस्फरसने काय होतंय?
काही जण म्हणतात की स्टीलमध्ये फॉस्फरस ०.०२ टक्केच आहे, एवढ्याने काय होतंय. अहो, तो सगळीकडे सारखा पसरला असेल तर काही नाही, पण ३७५ ते ५७५ डिग्री सेल्सिअसच्या पट्ट्यात स्टील रेंगाळलं की तो ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे स्टीलमधल्या बारीक कणांच्या (ग्रेनच्या) सीमेवर जाऊन गोळा होतो, तिथे त्याचं प्रमाण कित्येक पट वाढतं आणि ग्रेन एकमेकांना धरून राहत नाहीत. कथील, अँटिमनी त्याच टोळीतले. गंमत म्हणजे हार्डनेस ओके येते, चार्पीत (हातोड्याचा फटका मारून करायच्या टेस्टमध्ये) मात्र तुकडा फटकन तुटतो आणि तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दिसते. १९६९ ला इंग्लंडात हिंकली पॉइंट अणुवीज केंद्रातल्या टर्बाइनची डिस्क फुटली तीपण अशीच ठिसूळ झालेली, क्रॅक छोटीशीच होती. म्हणून टेम्परिंगनंतर (कडक केलेलं स्टील पुन्हा तापवल्यावर) ते भट्टीतच हळूहळू थंड करू नका, स्टीलमध्ये अर्धा टक्का मॉलिब्डेनम असेल तर बरंच.