मदत हवी आहे: केटलखालचा पायलट (छोटी ज्योत) पेटतो, पण मेन बर्नर उघडून नाही राहिला (नागपूर)

केटलवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. हिंगणा रोडकडच्या एका छोट्या ब्रुअरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहतो. मोठ्या भांड्यांना स्टीम आहे, तिकडे काही कटकट नाही. डोकं खाऊन राहिली ती २०० लिटरची ट्रायल केटल. तिच्याखाली एलपीजी बर्नर आहे आणि पॅनल मीच केलंय, त्यामुळे शिव्याही मलाच.

गॅसची लाइन अशी: बाहेर जाळीच्या खोलीत १९ किलोचे चार सिलिंडर, रेग्युलेटर, हाताचा बॉल व्हॉल्व्ह, मग २४ व्होल्ट एसीचा गॅस व्हॉल्व्ह. टेम्परेचर कंट्रोलरला पीटी-१०० तापमान सेन्सर, त्याचा आउटपुट एसएसआरमधून (सॉलिड-स्टेट रिले) इग्निशन मॉड्यूलला. मॉड्यूल पायलटजवळच्या रॉडने ठिणगी पाडून पायलट पेटवतं, त्याच रॉडने ज्योत ओळखतं आणि मग मेन उघडतं.

सकाळी पाणी ३० वरून ७८ डिग्रीला नेतो तेव्हा मशीन गुणी बाळासारखं चालते. भानगड होते ती वर्टला (बिअरचं गोड कच्चं पाणी) उकळी फुटताना. फेस वर येतो, पोरगा घाबरून बर्नर बंद करतो, फेस बसला की पुन्हा स्टार्ट. पायलट पेटतो, डोळ्यांनी दिसतो, मेन उघडतच नाही. मिनिटभर टकटक ठिणगी आणि मग लॉकआउट, मॉड्यूल स्वतःच सगळं बंद करतं. दोन बॅच अशाच अर्धवट राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं ठीक!

मॉड्यूल बदलून पाहिलं, फरक नाही. आता मालक म्हणतात, "ते मॉड्यूलच काढ, व्हॉल्व्ह सरळ कंट्रोलरवर घे, पायलट आपण लायटरने पेटवू." करू का?

पॅनलमिस्त्री

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी: नाही. कंट्रोलरला फक्त तापमान कळतं. पायलट विझला तर तापमान उतरेल, आणि कंट्रोलर बिचारा गॅस चालूच ठेवेल. एलपीजी हवेपेक्षा जड, हवेत साधारण दोन टक्के झाला की ठिणगीची वाट पाहत बसतो. त्यात ब्रुअरीच्या फरशीला उतार आणि नाली असतेच. गॅस वास देत वर येणार नाही, नालीत जाऊन बसेल.

आता बिघाड. फ्लेम करंट मोजला का? ज्योतीतून करंट एकाच दिशेने नीट वाहतो, म्हणून मॉड्यूल रॉडवर एसी सोडतं आणि परत डीसी आला तरच ज्योत आहे असं मानतं. रॉडच्या वायरमध्ये मीटर सिरीजला लावा, डीसी मायक्रोअँपवर. आणि पायलटच्या ब्रॅकेटपासून मॉड्यूलच्या अर्थ टर्मिनलपर्यंत वेगळी वायर आहे का? पाइपच्या भरवशावर राहू नका, जोडांना टेफ्लॉन टेप असतो.

केटलवाला_हिंगणा

वायर वेगळी आहे, ०.३ ओहम दाखवते. करंट उद्या मोजतो.

तर्री_कमी

तुमचा कंट्रोलर पीआयडीवर (आउटपुट सारखा चालू-बंद करत तापमान धरतो तो मोड) आहे का ऑन-ऑफवर? पीआयडीमध्ये सायकल टाइम दोन सेकंद असेल तर व्हॉल्व्ह घड्याळासारखा टिकटिक करत मरेल. ते हीटरसाठी ठीक, गॅसला ऑन-ऑफ ठेवा, एक-दीड डिग्रीचा फरक द्या. आणि तो एसएसआर काढा हो. बंद असतानाही त्यातून काही मिलिअँप गळतो, २४ व्होल्टच्या हलक्या लोडला तेवढ्यानेच गोंधळ होऊ शकतो. साधा रिले लावा.

दुसरं, उकळीला १०० चा सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) दिला असेल तर उपयोग नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पाणी ९९ लाच उकळते. वर्ट थोडं वर जाईल, पण भरवसा नाही. उकळीला वेगळा मॅन्युअल मोड द्या आणि ज्योत हाताने कमी-जास्त करा.

केटलवाला_हिंगणा

सेटपॉइंट १०० च होता 😐 म्हणून उकळीत कधीच कट नव्हता होत. मी समजत होतो सेन्सर चुकून राहिला.

आजचे आकडे: सकाळी फ्लेम करंट २.२ मायक्रोअँप. उकळी येऊन थोडं वर्ट उतू गेल्यावर ०.४. मॉड्यूलला किमान १ लागतो. म्हणजे पायलट पेटलेला असूनही त्याला तो दिसूनच नाही राहिला. पण असं काहून?

निवृत्त_वायरमन

बेटा, तू स्वतःच लिहिलंस की वर्ट उतू गेलं. ते गोड पाणी आहे. भांड्याच्या अंगावरून ओघळून रॉडच्या चिनीमातीवर बसतं, करपतं, वाफेने पुन्हा चिकट होतं. मग करंट ज्योतीतून जायच्या ऐवजी त्या चिकट थरातून सरळ बॉडीत उतरतो. तो दोन्ही दिशांनी जातो, म्हणून मॉड्यूलला डीसी मिळत नाही. रात्रभरात थर वाळतो, सकाळी सगळं ठीक. आमच्या वेळी एका मिठाईच्या कारखान्यात चाशनीच्या कढईखाली हेच झालं होतं, आठ दिवस वायरिंग उपसलं आम्ही.

गॅस बंद कर, मॉड्यूलवरून रॉडची वायर काढ, रॉड ते ब्रॅकेट ओहम मोज. मॉड्यूल जोडलेलं असताना मेगर (जास्त व्होल्टचा इन्सुलेशन मीटर) लावू नको, मॉड्यूल मरेल.

केटलवाला_हिंगणा

काका, दंडवत. वायर काढून मोजलं: सकाळी ओएल (मीटरच्या मापाबाहेर, म्हणजे गळती नाही), उतू गेल्यानंतर ८० किलोओहम! बाहेर काढल्यावर पाहतो तर पांढऱ्या चिनीमातीवर गुळाच्या पाकासारखा तपकिरी थर, नखाने खरवडला तर तारच निघते. एका जागी केसाएवढी चीरही आहे, म्हणून नुसतं पुसून भागणार नाही, रॉडच बदलतोय.

पॅनलमिस्त्री

रॉड आणि पायलट केटलच्या काठाखाली का ठेवलाय मुळात? बाजूला सरकवा, वर स्टीलची तिरपी पट्टी लावा. आणि मॉड्यूलच्या सप्लायमध्ये सिरीजला हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तापमान फार चढलं की तोडणारा), लेव्हल स्विच आणि दाराजवळ इमर्जन्सी बटण घ्या. रिकामं भांडं तापलं तर तळ वाकतो. गॅस डिटेक्टर लावाल तो जमिनीलगत, छताला नाही. सिलिंडर चारच ठेवा, फार तर पाच. १०० किलोवर गेलात की परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या पेसो खात्याचं मुख्यालय तुमच्याच सेमिनरी हिल्सवर आहे, दिल्लीला जायचं निमित्त नाही 🙂

केटलवाला_हिंगणा

अपडेट: नवीन रॉड, अडीच इंच बाहेर सरकवून, वर पट्टी. रिले लावला, एसएसआर काढला. लेव्हल स्विच आणि बटण बसलं, थर्मोस्टॅट यायचाय. काल मुद्दाम फेस येऊ दिला. वर्ट पट्टीवरून निथळलं, करंट २.१ वर. तीनदा बंद-चालू केलं, तिन्ही वेळा मेन उघडला. मालकांना मीटर दाखवला, ते म्हणाले, "मग पट्टी आधीच का नाही लावली?"

एकच शंका: चारपैकी एका सिलिंडरवर सकाळी दव जमून राहिलं, बाकी तीन कोरडे. मॅनिफोल्डचा (चारही सिलिंडर जोडणारा पाइप) व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल का?

तर्री_कमी

उलटं पाहा. गॅस निघताना सिलिंडर गार पडतो, म्हणून दव जमलेलाच एकटा गॅस देतोय, बाकी तिघांचे व्हॉल्व्ह तपासा.