अनोळखी पार्टनर आणि 'थेट गेम बोला'चा सल्ला

किलवरची दुर्री
ब्रिजबद्दलच्या कालच्या पोस्टमध्ये एकाने ठासून लिहिलंय : "तालुक्याच्या क्लबात ऐन वेळी अनोळखी पार्टनर मिळाला की कन्व्हेन्शन (बोलींचे आधी ठरवलेले खास अर्थ) गुंडाळून ठेवा. त्याने ओपन केलं (पहिली बोली दिली) आणि तुमच्याकडे १३ पॉइंट असले की थेट गेम (मोठ्या बोनसाची बोली, जसे ४ बदाम) बोला." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पार्टनर १ बदाम बोलला (बदाम हुकूम, ६ अधिक १ असे ७ हात करीन). तुमच्याकडे इस्पिक राजा-८-४, बदाम एक्का-९-७-३, चौकट ५-२, किलवर एक्का-राणी-६-४. एक्का ४, राजा ३, राणी २ धरून मोजून १३. थेट ४ बदाम टाकले तर जाणत्या पार्टनरला काय कळेल? पाच हुकूम, एखाद्या रंगाचं एकच पान आणि पॉइंट बेताचे. त्याच्याकडे १९ असले तरी तो पास करणार. स्लॅम (१२ किंवा १३ हातांची बोली) गेला. आधी २ किलवर बोला. पास न केलेल्या हाताने असा नवा रंग बोलला की ओपनरने पुन्हा बोलायचंच. पुढच्या फेरीत ४ बदाम. यात कुठली कन्व्हेन्शन लागली?

चौथा हात
पोस्ट माझीच आहे. तुमचा तो 'जाणता पार्टनर' आमच्याकडे मिळत नाही. चौथा गडी म्हणून ज्याला ओढून बसवतो, तो परवापर्यंत मेंढीकोट खेळत असतो. तो २ किलवरवर पास करून मोकळा झाला तर? ११ हात करून १५० मिळतील. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही मोठे) असताना ४ बदामाचे १० हात केले तर ६२०. हिशेब करा.

वऱ्हाडी गुलाम
राजेहो, पत्ते वाटाच्या आंधी दोन मिनिटं बोलाले काय होते? १ नोट्रम्प (बिनहुकमाची बोली) १५-१७ पॉइंटवर की १२-१४? मेजर (इस्पिक, बदाम) पाच पत्त्यांचा की चार? ट्रान्सफर (खालचा रंग बोलून वरचा दाखवनं) हाये की नाई? टू-लेव्हलची ओपनिंग वीक (कमी पॉइंटची) की स्ट्राँग? चार प्रश्न, बस. नाई इचारलं तं काय होते पहा. पार्टनर १ नोट्रम्प, तुमच्याजवळ इस्पिकाचे पाच अन् बदामाची एकटी दुर्री. तुम्ही ट्रान्सफर समजून २ बदाम बोलले, त्यानं खरेच बदाम समजून पास केला. त्याचे तीन, तुमचा एक. खेळा आता चार हुकमांवर!

चौथा हात
म्हणूनच म्हणतो, ट्रान्सफर नकोच.

वऱ्हाडी गुलाम
भाऊ, ऑफिसर्स क्लबात पार्टनर बी ट्रान्सफरनंच येते अन् ट्रान्सफरनंच जाते. दर तीन वर्साले नवा. किती टाळसान?

डमी
चारात पाचवा प्रश्न घाला : ४ नोट्रम्प, म्हणजे सहसा एक्के विचारणारी बोली. खरे मोठे घोटाळे तिथेच होतात. जुना ब्लॅकवुडवाला (फक्त एक्के सांगणारा) त्यावर ५ किलवर बोलला तर त्याच्याकडे शून्य किंवा चारही एक्के. १४३० या पद्धतीवाल्याकडे एक किंवा चार की-कार्ड (चार एक्के आणि हुकमाचा राजा). ३०१४वाल्याकडे शून्य किंवा तीन. तीच बोली, तीन अर्थ. अनोळखी माणसासोबत साधा ब्लॅकवुडच ठरवावा.

किलवरची दुर्री
साध्यात हुकमाचा राजा मोजलाच जात नाही! एक एक्का आणि हुकमाचा राजा, दोन्ही बाहेर असले की स्लॅम बहुधा बुडतो. की-कार्ड न येणाऱ्याने स्लॅमच्या वाट्याला जाऊ नये.

डमी
वा, म्हणजे तालुक्यातल्या लोकांनी आयुष्यभर पार्टस्कोअरच (गेमच्या खालच्या बोली) खेळायचा. शहाणपण पुरे. मुळात १ नोट्रम्पवर ४ नोट्रम्प म्हणजे एक्के विचारणं नव्हेच, ते स्लॅमचं निमंत्रण असतं. माझे १६, तुझे १५ असतील तर पास, १७ असतील तर ६ नोट्रम्प. अर्ध्या लोकांना हे माहीत नाही. ते ५ चौकट बोलून एक एक्का दाखवतात, मग बसा डोकं धरून.

किलवरची दुर्री
निमंत्रणाबद्दल बरोबर आहे तुमचं. म्हणून नवख्यासोबत १६ ला ३ नोट्रम्पवरच थांबावं, १७ ला दोघांची बेरीज किमान ३२ होते, तिथे विचार करावा. शहाणपण काढायची गरज नव्हती.

फोनवरचा पूर्व
इथे कोणी डबलबद्दल बोलेल का? समोरचा ३ इस्पिक बोलला, माझ्या पार्टनरने डबल दिला. हा टेकआउट (म्हणजे 'तुझा रंग बोल') धरायचा. पण लोक पास करून दंड वसूल करायला निघतात, तोही हातात इस्पिकाची दोन बारीक पानं घेऊन. आणि संध्याकाळी लाइट गेली, टॉवर बसला की फोनवरचा पास दोन मिनिटांनी पोचतो. त्यावरून "पार्टनरने विचार केला म्हणजे पॉइंट आहेत" असे तर्क काढू नका. लांबलेल्या पासचा फायदा घेणं नियमात बसत नाही, हे टेबलावरही लागू आहे. मुद्दाम खाकरणाऱ्यांनी वाचावं.

चौथा हात
खाकरणं बंद केलं तर आमच्या क्लबात निम्मी बोली बंद पडेल.
बरं, पाच प्रश्न विचारीन, मान्य. नवा रंग फोर्सिंग हा सहावा मीच घालतो, कारण तुमचा २ किलवर त्याशिवाय उभा राहत नाही.

किलवरची दुर्री
म्हणजे थेट गेमचा सल्ला मागे घेतला?

चौथा हात
विचारायला वेळ मिळाला तर. नाही मिळाला तर ४ बदाम.

वऱ्हाडी गुलाम
वीक टू म्हनजे सहा पत्ते, ६ ते १० पॉइंट, हे बी लिहून घ्या. तिसऱ्या सीटवर (आंधीचे दोघं पास झाल्यावर) पाच पत्त्यांवर बोलले तं?

डमी
त्याला वेगळा धागा काढा.